स्टेबल म्हणजे बरे नव्हे

मे महिन्याच्या सुट्टीत नात आठ दिवस राहायला आली होती. बोरिवलीला असते, इंग्रजी माध्यमात आहे, आता सातवीत जाईल. मार्वेच्या धक्क्यावरून बोटीत बसायला मिळते म्हणून तिला मनोरीला यायला आवडते. आजी-आजोबांचा नंबर त्यानंतर! शाळेने सुट्टीचा अभ्यास म्हणून एक वही दिली होती. त्यात एक प्रश्न होता, समान अर्थाचे शब्द एकत्र लिहा. हिने एका चौकटीत चार शब्द कोंबले होते. ट्रीट, क्युअर, हील आणि रेमेडी. मला दाखवायचे म्हणून पुढे पेन्सिलीने मराठीत लिहिले होते, "बरे करणे".

"आजी, हे चारही सेमच ना गं?"

मी "नाही" म्हणाले आणि पुढे बोलेचना. तिला वाटले आजीला येत नाही. ती वही घेऊन आजोबांकडे गेली. मी मात्र ओट्यावर बराच वेळ तशीच बसून राहिले. का बसून राहिले ते आज लिहिते आहे. नातेवाईकांपैकी काहींना यातली गोष्ट माहीत आहे. पण तिच्यातला माझा वाटा मी आजवर कुणाला सांगितलेला नाही.

आधी त्या चार शब्दांचे बघू. पस्तीस वर्षे मराठी शाळेत इंग्रजी शिकवले आहे, तेव्हा मंडळी, थोडा बाईपणा सहन करा.

ट्रीट म्हणजे उपचार करणे. उपचार करणे हे डॉक्टरांच्या हातात आहे, बरे होणे नाही. क्युअर म्हणजे रोग मुळासकट जाणे. हील म्हणजे भरून येणे. जखम भरून येते, हाड सांधते, ते शरीर आपले आपण करते, डॉक्टर फक्त टाके घालून आणि पट्टी बांधून त्याला सवड देतात. रेमेडी म्हणजे उपाय, मग तो केमिस्टकडचा असो की आजीबाईच्या बटव्यातला.

मधुमेहावर ट्रीटमेंट जन्मभर चालते, पण म्हणून तो क्युअर झाला असे कुणी म्हणत नाही. उलट क्षयरोग नेमाने औषध घेतले तर बहुतेकांचा बरा होतो. पण तिथेच माणसे फसतात. दोन महिने गोळ्या घेतल्या की खोकला थांबतो, अंगावर मांस चढते, माणूस म्हणतो बरा झालो, आणि सहा महिन्यांचे औषध अर्ध्यावर सोडतो. मग रोग उलटतो आणि पहिल्या औषधांना दाद देईनासा होतो. त्याला मिळालेला होता तो रिलीफ. आपल्या मराठीत त्याला किती नेमका शब्द आहे बघा, "उतार". उतार पडणे वेगळे, गुण येणे वेगळे आणि बरे होणे वेगळे. हे आपल्या आज्यांना पक्के ठाऊक होते. त्या "ताप उतरला" म्हणत आणि तरी पोराला दोन दिवस अंथरुणातून उठू देत नसत.

आता गंमत बघा. क्युअर हा शब्द लॅटिन भाषेतल्या काळजी या अर्थाच्या शब्दावरून आला. सिक्युअर म्हणजे काळजी नसलेला आणि ॲक्युरेट म्हणजे काळजीपूर्वक केलेले, हे त्याचेच भाऊबंद. पण केअर, म्हणजे इंग्रजीतली नेहमीची काळजी, ती मात्र या घराण्यातली नाही! ती जर्मन कुळातली. दिसायला सख्ख्या बहिणी, प्रत्यक्षात नाते काहीच नाही. उलट हील, हेल्थ आणि होल, म्हणजे अखंड, हे तिघे खरोखर एका घरचे. हील होणे म्हणजे पुन्हा अखंड होणे. "भरून येणे" ह्याच्याइतके जवळचे मराठी मला तरी सापडत नाही.

हे सारे मी नोकरीत असताना वर्गात सांगितले का? नाही. मी फळ्यावर उभी रेघ ओढायची. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी. एका शब्दाला एक अर्थ, पाच गुणांचा प्रश्न, पाठ करा आणि लिहा. मी स्वतः तशीच शिकले होते. मराठी माध्यमातून बी. ए. झालेल्या मुलीला इंग्रजी शिकवायला उभे केले की ती उभ्या रेघेचाच आधार घेणार. स्टेबल हा शब्दही त्या रेघेच्या डावीकडे एकदा आला होता. उजवीकडे मी लिहिले होते, "घोड्यांचा तबेला".

आता ती गोष्ट.

२०११ च्या नोव्हेंबरात माझ्या धाकट्या दिरांच्या छातीत दुखू लागले. संध्याकाळची वेळ. मनोरीहून मोठ्या रुग्णालयात जायला दोनच वाटा. बोटीने खाडी ओलांडून मार्वे आणि तिथून मालाड, नाहीतर गोराई-उत्तनवरून भाईंदरला लांबचा वळसा. बोट मिळाली, आम्ही त्यांना बोटीने नेले. लगेच अतिदक्षता विभागात घेतले.

त्यांचा मुलगा, माझा पुतण्या, बोट घेऊन समुद्रात गेलेला होता. बर्फ आणि डिझेल भरून बाहेर पडलेली बोट मधूनच परत बोलवायची म्हणजे सारी फेरी पाण्यात, खलाशांची मजुरी तरी द्यायचीच. वायरलेसवरून निरोप धाडता आला असता. दुसऱ्या दिवशी दुपारी धाकट्या जाऊबाईंनी मला विचारले, "ताई, पोराला बोलवू का परत? तुम्ही जरा डॉक्टरांना विचारून या. मला त्यांची भाषा समजायची नाही."

घरात इंग्रजी येणारी मी. मी गेले. डॉक्टर तरुण होते, घाईत होते, पण थांबले. म्हणाले, "ही इज स्टेबल फॉर नाऊ. वी आर मॉनिटरिंग हिम." मी "थँक यू डॉक्टर" म्हणाले. दोन वाक्ये आपल्याला अस्खलित समजली याचा थोडा आनंदही झाला असेल, खोटे कशाला बोलू?

बाहेर येऊन जाऊबाईंना सांगितले, "आता बरे आहेत. धोका टळला. डॉक्टरांचे लक्ष आहे. पोराला कशाला बोलावतेस?"

बाकावर बसलेल्या त्या बाईच्या चेहऱ्यावर दोन दिवसांत पहिल्यांदा रंग आला. रात्री माझे हे रुग्णालयात थांबले आणि आम्ही दोघी शेवटच्या बोटीने घरी आलो. पहाटे साडेतीनला फोन वाजला.

पुतण्या पोचेपर्यंत पुढचा दिवस उजाडला. जिवंत बाप त्याला दिसला नाही. जाऊबाईंनाही दिसले नाहीत, कारण "बरे आहेत" असे ऐकून त्या घरी आल्या होत्या.

डॉक्टरांची काहीही चूक नव्हती. ते बोलले ते अक्षर न् अक्षर खरे होते. स्टेबल म्हणजे आहे त्याच जागी असणे. नाडी, रक्तदाब, श्वास या घटकेला फार वरखाली होत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. माणूस फार वाईट अवस्थेत असूनही स्टेबल असू शकतो. फॉर नाऊ म्हणजे तूर्त, ते तर मी गिळूनच टाकले. आणि मॉनिटर म्हणजे आम्हा शाळावाल्यांना वर्गात गप्प बसवणारा मुलगा. मूळ लॅटिनमध्ये त्याचा अर्थ इशारा देणारा असा आहे. यंत्र लावून ठेवले आहे, इशारा मिळेल म्हणून बघत बसलो आहोत, असे डॉक्टर सांगत होते. मी त्याचे "डॉक्टरांचे लक्ष आहे" केले, जणू लक्ष ठेवले की रोग भिऊन पळतो!

सर्वांत जास्त लागले ते पुढेच. काही महिन्यांनी वर्तमानपत्रात कुणा पुढाऱ्याबद्दल वाचले, "प्रकृती चिंताजनक, पण स्थिर". मी शब्दकोश काढला. स्टेबल, स्टँड, स्टेशन हे सारे उभे राहणे या अर्थाच्या एका जुन्या धातूपासून आले आहेत, आणि आपल्या संस्कृतातला "स्था" त्याच धातूचा. म्हणजे स्थिर आणि स्टेबल हे अगदी लांबचे का होईना, भाऊ आहेत. इतकेच काय, घोड्यांचा तबेलाही त्यांच्याच घरचा, जनावरे उभी राहण्याची जागा! डॉक्टर "स्थिर" म्हणाले होते. माझ्या मातृभाषेत तो शब्द तयार होता, मी तो हजारदा वापरला होता. आणि तरी मी "बरे" म्हणाले, कारण मला बरेच ऐकायचे होते, आणि जाऊबाईंनाही.

माझे मत इथून सुरू होते. आपल्याला इंग्रजी येत नाही म्हणून आपण फसतो असे सगळे म्हणतात. मला उलटे वाटते. आपल्याला येते असे वाटते, म्हणून आपण जास्त फसतो. एखादा अगदीच परका शब्द असेल तर माणूस विचारतो तरी, "म्हणजे काय हो?" पण सिरियस, नॉर्मल, चान्सेस, टेन्शन, रिपोर्ट हे शब्द आपल्याकडे इतके रुळलेत की विचारायची लाज वाटते. आणि रुळता रुळता त्यांचे अर्थ आपल्या मातीतले झालेत.

यात वाईट काही नाही. मनोरीत राहणाऱ्याने तर या गोष्टीचे नवल करूच नये. आमच्या शेजारच्या ईस्ट इंडियन मावशी पाव आणतात, चावी हरवतात आणि मुलाच्या पगाराची वाट बघतात. पाव, चावी, पगार, तिन्ही शब्द पोर्तुगीजांचे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि पोर्तुगीज इथून गेले, पण शब्द राहिले. त्यांच्या भाषेत पगार म्हणजे नुसते "पैसे देणे", क्रियापद! आपण त्याचे नाम केले आणि पहिल्या तारखेला बांधून टाकले. कुणाचे काही बिघडले नाही, कारण आज आमच्या बाजारात कुणी तो शब्द पोर्तुगीज अर्थाने बोलत नाही. बोलणारा आणि ऐकणारा दोघेही एकाच अर्थाचे.

रुग्णालयात तसे नसते. तिथे एकच शब्द दोन माणसे दोन अर्थांनी बोलतात आणि दोघांनाही वाटते की बोलणे झाले. आपण "सिरियस आहे" म्हणतो तेव्हा माणूस आता जातो की काय अशा बेतात असतो. डॉक्टरांच्या तोंडी सिरियस म्हणजे आजार गंभीर, दुर्लक्ष करू नका, आणि त्याहून बिकट असेल तर क्रिटिकल. क्रिटिकल हा शब्द ग्रीकांकडचा, निर्णय या अर्थाचा. या वळणावरून रोगी इकडेही जाईल, तिकडेही. आपल्याकडे "क्रिटिकल आहे" म्हटले की लोक रडायलाच सुरुवात करतात, आणि "स्टेबल आहे" म्हटले की पेढे आणायचे तेवढे बाकी ठेवतात. डॉक्टरांच्या लेखी हे दोन्ही शब्द एकाच माणसाला एकाच वेळी लागू असू शकतात. "चान्सेस आहेत" यात कसले चान्सेस, जगण्याचे की रोग उलटण्याचे, हे कुणी विचारत नाही. "ऑपरेशन सक्सेसफुल" म्हणजे ऑपरेशन ठरल्याप्रमाणे पार पडले, रोगी बरा झाला असे नव्हे.

२०२० साली करोनात तर या गोंधळाने कळस गाठला. आयुष्यभर "पॉझिटिव्ह राहा" असा उपदेश ऐकलेल्या लोकांना पॉझिटिव्ह आल्याबद्दल घरे बंद करून बसावे लागले. आमच्या ओळखीच्या एका आजोबांनी रिपोर्ट हातात घेऊन "चला, पॉझिटिव्ह आहे" म्हणत सुटकेचा श्वास टाकला होता. तपासणीत पॉझिटिव्ह म्हणजे जे शोधत होतो ते सापडले, एवढेच. क्वारंटाइन आणि आयसोलेशन हेही असेच दोघे. ज्याचा बाधिताशी संपर्क आला त्याला वेगळे ठेवणे ते क्वारंटाइन, जो बाधित ठरला त्याला वेगळे ठेवणे ते आयसोलेशन. सरकारी मराठीत त्यांना अलगीकरण आणि विलगीकरण असे दोन शब्द केले होते, पण ते दोन इतके सारखे दिसतात की वर्तमानपत्रेही अदलाबदल करत. मराठी शब्द केला की प्रश्न सुटला असे नसते, तो कानाला वेगळा लागायला हवा. अतिदक्षता विभाग हा शब्द बघा, लांब आहे, पण कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

काही जण म्हणतील, बाई, एवढे असेल तर पोरांना पहिलीपासून इंग्रजी शिकवा. ते तर २००० सालापासून महाराष्ट्रात सुरू आहेच. माझी नात बालवाडीपासून इंग्रजीत आहे आणि तिनेच त्या चार शब्दांची एका चौकटीत मोट बांधली! दोष माध्यमाचा नाही. दोष "समान अर्थाचे शब्द" या कल्पनेतच आहे. अगदी समान अर्थाचे दोन शब्द भाषा फार दिवस सांभाळत नाही, दोघांना दोन कामे लावून देते. शिक्षकाने ती कामे दाखवावीत. शब्दापुढे शब्द लिहून घेण्याऐवजी वाक्यात बसवून घ्यावा. कोण कोणाला ट्रीट करते? क्युअर काय होते, माणूस की रोग? हील कोण होते? एवढे तीन प्रश्न विचारले तरी पोरे तासाभरात ओळखतात. मला ते निवृत्तीनंतर सुचले, हे माझ्या विद्यार्थ्यांचे दुर्दैव.

दुसरी बाजू रुग्णालयांची. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली रुग्णहक्कांची सनद तयार केली, तीत सतरा हक्क आहेत. आजाराची माहिती रुग्णाला कळेल अशा भाषेत मिळावी, हे तीत सांगितले आहे. त्याआधी २००८ साली समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की रुग्णाची संमती ही पुरेशी माहिती मिळाल्यावर दिलेली असली पाहिजे. मग "इथे सही करा" असे म्हणून पुढे सरकवलेला चार पानी इंग्रजी कागद म्हणजे संमती कशी? नुसती सही आहे ती. जिथे रुग्ण मराठी बोलतात तिथे कागद मराठीत असावा आणि वाचून दाखवणारे माणूस असावे, ही मागणी मला मुळीच अवाजवी वाटत नाही. डॉक्टर हा शब्दसुद्धा लॅटिनमध्ये शिकवणारा या अर्थाचा आहे. म्हणजे ते आणि मी एकाच धंद्यातले!

पण सनद भिंतीवर लागेल तेव्हा लागेल. तोवर रुग्ण आणि डॉक्टर यांच्यामध्ये घरातला एक जण उभा असतो, ज्याला "इंग्रजी येते". माझ्या वाचकांपैकी बहुतेक जण आपापल्या घरात तो एक जण आहेत, म्हणून तुम्हाला सांगते. डॉक्टर जे बोलले ते तिथल्या तिथे त्यांना मराठीत म्हणून दाखवा. "म्हणजे डॉक्टर, आहे तसे आहेत, अजून सुधारले नाहीत, असेच ना?" आमच्या मुंबईतल्या बहुतेक डॉक्टरांना एवढे मराठी कळते, नाही कळले तर परिचारिका असतात. मी हे एक वाक्य विचारले असते तर त्यांनी "हो" म्हटले असते आणि दुपारीच वायरलेसवर निरोप गेला असता. दुसरे, "उद्या काय होऊ शकते?" हे विचारा. "मुलगा लांब आहे, बोलावू का?" हे तर थेट विचारा. डॉक्टर अशा प्रश्नाला फार सरळ उत्तर देतात, हे मला नंतर कळले. आणि तिसरे, घरच्यांना सांगताना आपल्या पदरचा दिलासा घालू नका. दिलासा द्यायचाच असेल तर शेजारी बसून द्या, डॉक्टरांच्या नावावर नको. समजले नसेल तर "मला समजले नाही" म्हणा. त्यात तुमची पदवी कुणी काढून घेत नाही.

जाऊबाईंना मी बऱ्याच वर्षांनी हे सगळे सांगितले. अंगणात जवळा वाळत घातला होता, त्या कावळे हाकत बसल्या होत्या. ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "ताई, तुम्ही काय देव आहात? तुम्हाला तरी काय ठाऊक?" त्यांनी मला मोकळे केले. पण खरे सांगायचे तर मला ठाऊक होते, तूर्त या शब्दाचा अर्थ मला चांगला ठाऊक होता.

पुतण्या अजून समुद्रावर जातो. तो याबद्दल बोलत नाही आणि मीही काढत नाही.

असो. नातीची वही मी दुसऱ्या दिवशी मागून घेतली आणि ती चौकट खोडून चार वाक्ये लिहून घेतली. "माझ्या आजोबांच्या मधुमेहावर डॉक्टर उपचार करतात" हे पहिले. तिने हीलचे वाक्य स्वतःच्या गुडघ्यावर केले, बोटीतून उतरताना खरचटले होते त्यावर. शाळेत बाईंना समान अर्थाचे शब्दच हवे असतील तर तिचा एक गुण जाईल. मी तिला म्हटले, "जाऊ दे. आजीने सांगितले म्हणून सांग."

तुमच्या घरात असा एखादा शब्द चुकीचा समजून काही घडले असेल, तर जरूर कळवा. मोठे दुःखच असले पाहिजे असे नाही, गंमतही चालेल.